पातळ चालेल, जाड नको

पन्नाशी जवळ आली की कुणाला शुगर लागते, कुणाला बीपी. घाटकोपरच्या जयवंत तावडेला रिमोटची गाडी लागली. (तिला 'खेळण्यातली' म्हटलेलं त्याला खपत नसे.) हातभर लांबीची, बॅटरीवर सुसाट पळणारी आणि वळण आलं की हमखास एखादा टायर रिममधून सोडून देणारी अशी ती गाडी. मुलुंडला एका बंद कारखान्याच्या आवारात दर रविवारी हौशी लोकांची शर्यत असे. तिथे आजवर जयवंतची गाडी कमी आणि सुटलेल्या टायरमागे जयवंतच जास्त पळाला होता. शेवटी त्याने ठरवलं, येत्या रविवारच्या आत चारही टायर रिमला कायमचे चिकटवून टाकायचे. माणसाने एवढंच ठरवलं होतं हो. पुढचा सगळा घोटाळा मराठी भाषेने केला.

त्याची बायको अक्षता कणकवलीकडची. तिथले सीताराममामा म्हणजे तिच्या माहेरचं हायकोर्ट. लग्नाच्या वेळी त्यांनी जयवंतला वरपासून खालपर्यंत न्याहाळून निकाल दिला होता, "ह्यो माणूस कोणाच्या उपयोगाक पडाचो नाय." त्या निकालावर अपील करायची संधी अक्षता तेव्हापासून शोधत होती, आणि ती आता आली होती. मामांचा नातू विकी शिकून घरी बसला होता, त्याला जयवंतने मुंबईत कुठेतरी चिकटवावं, एवढीच मामांची इच्छा होती. जयवंत अंधेरीच्या एका कुरिअर कंपनीत असिस्टंट मॅनेजर. मामांच्या हिशेबी मॅनेजर म्हणजे मालकाच्या खालोखाल. प्रत्यक्षात ऑफिसात जयवंतच्या शब्दावर एसीचं तापमानसुद्धा बदलत नसे, पण हे बायकोच्या माहेरी कोणत्या तोंडाने सांगणार? तो आपला "बघतो, बघतो" म्हणत दिवस ढकलत होता.

त्या संध्याकाळी तो खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. दोन्ही कानांत ती हल्लीची बिनवायरची बोंडं, आणि बोंडांत मुलुंडचा सुयोग. सुयोग हा शर्यतीतला मित्र, गोंदाच्या बाबतीत अगदी गुरुस्थानी. तेवढ्यात अक्षताने कणकवलीला फोन लावला, स्पीकर सुरू केला, "मामा, हे इथेच आहेत, बोला त्यांच्याशी," म्हणून फोन जयवंतच्या पाठीमागे टेबलावर ठेवला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत पळाली. बोंडं तिला दिसली नाहीत आणि मामांचा आवाज जयवंतला ऐकू आला नाही.

मामांनी घसा खाकरून विचारलं, की आमच्या विकीचं काही जमतंय का?

जयवंत सुयोगला म्हणाला, "एक कशाला रे, चारही चिकटवून टाकतो."

मामा सरसावून बसले. विकीच्या वयाची भावकीतली आणखी पोरं घरी बसून होतीच, पण त्यांच्यासाठी शब्द टाकायची त्यांना भीड वाटत होती. अरे-तुरेकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं. चार नोकऱ्या देणाऱ्या माणसाने मामाला 'रे' म्हटलं तर काय बिघडलं? त्यांनी हळूच विचारलं, कायमचं होईल का?

"एकदा चिकटले की बापजन्मात निघायचे नाहीत," जयवंत म्हणाला. मग सुयोगने त्याला गोंदाचे दोन प्रकार समजावले आणि जयवंतने ते घोकल्यासारखे मोठ्याने म्हटले, "म्हणजे पातळ चालेल, जाड नको. जाड असला की आत शिरत नाही, बाहेरच गोळा होऊन बसतो. आणि आधी स्वच्छ पुसून घ्यायचे, तेलकट राहता कामा नयेत. झकास, शनिवारी सकाळी कामच उरकतो."

मामांनी फोन ठेवला तो थेट देवापुढे दिवा लावायला.

रात्री ताटात सुरमई आली. गुरुवार असूनही आली. अक्षताने वाढता वाढता विचारलं, "तू खरंच चिकटवणार आहेस?"

तिने ऐकलं होतं तर. जयवंत जरा चपापला, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "शनिवारी चारही," तो म्हणाला. "तुला आवडणार नाही असं वाटलं होतं."

"मला?" अक्षताचे डोळे भरून आले. "किती वर्षं वाट बघत्येय मी." आणि तिने दुसरी तुकडी वाढली. बायकोने अखेर आपला छंद पदरात घेतला, या आनंदात जयवंतला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसला. पातळ गोंद त्याने आणलाच नव्हता. दुकानात दोन्ही बाटल्या होत्या, पण जाडवाली मोठी होती, आणि मोठी बाटली दिसली की जयवंतचा हात तिकडेच जातो. टायर पुसायचा त्याला कंटाळा आला. शिवाय बोटं चिकटू नयेत म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याने एक युक्ती काढली. ज्या उजव्या हाताने टायर धरायचा, त्याला सढळ हाताने खोबरेल चोपडलं. तेच खोबरेल टायरला लागेल, हे काही त्या डोक्यात आलं नाही. तीन टायर झाले. चौथा घेतला आणि दाराची बेल वाजली. जयवंत दचकला, बाटली दाबली गेली, सगळा गोंद डाव्या तळव्यावर आला आणि हातातला टायर त्यावर जाऊन बसला तो बसलाच.

दारात सीताराममामा. डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा, आणि मागे एकापेक्षा एक सडपातळ अशी चार पोरं, बॅगांसकट. जयवंतने हात पाठीमागे नेला. पोरांनी ओळीने वाकून त्याच्या पाया पडून घेतलं. मामांनी पुढे होऊन त्याला मिठी मारली. म्हणाले, लग्नात मी तोंडाला येईल ते बोललो होतो, ते शब्द आज मागे घेतो. हे ऐकायला अक्षता आतून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली, आणि तिच्या तोंडावरचा आनंद बघून जयवंतला कसंतरीच झालं. कारण आता काहीतरी भयंकर झालंय हे त्याच्या लक्षात आलं होतं, फक्त काय ते कळत नव्हतं.

"कधीपासून जायचं त्यांनी कामाला?" अक्षताने विचारलं.

"कुठल्या कामाला?"

"चारही चिकटवतो म्हणालास ना मामांना?"

जयवंतला सगळा उलगडा झाला. खोटं बोलायला त्याला सुचलं असतं तर तो नक्की बोलला असता. पण बायको आशेने बघत होती आणि हात ठणकत होता. त्याने पाठीमागचा हात पुढे केला. तळव्यावर काळा टायर ताठ उभा होता.

"टायर गं," तो म्हणाला. "मी टायर म्हणत होतो."

अक्षताचा चेहरा उतरत गेला आणि तो उतरताना बघणं जयवंतला टायरपेक्षा जड गेलं. मामांनी पुढे वाकून तो टायर निरखला.

"मगे पातळ होयो, जाड नको, तां?"

"गोंद, मामा."

"अरे देवा," मामा खुर्चीत बसले. "जाड नको म्हटलात म्हणान भावकीतल्या त्या जाड्या बंड्याक घराक ठेवन इलंय मी. पोरगो रडाक लागलो हुतो."

यावर पहिल्यांदा विकी हसला, मग बाकीची पोरं, आणि शेवटी स्वतः मामा. अक्षता हसली नाही. तिने आतून नेलपॉलिश काढायची बाटली आणली आणि जयवंतच्या तळव्यावर ओतून टायर सोडवायला बसली. टायर निघाला, पण त्याबरोबर तळव्याची थोडी सालही गेली. "ऑफिसात कुणाशी तरी बोलेन मी," तो खाली मानेने म्हणाला. अक्षता म्हणाली, "ऑफिसात तुझं कोण ऐकतं ते मला ठाऊक नाही का? माहेरच्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच." जयवंतला ती शिवी वाटायला हवी होती, पण तिने फुंकर मारत म्हटल्यामुळे तशी वाटली नाही.

रविवारी सगळा लवाजमा मुलुंडला गेला. पहिल्याच वळणावर जयवंतचे टायर खोबरेलामुळे रिमवरून सटकले, चार टायर चार दिशांना, आणि त्यांच्यामागे चार पोरं. मामांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की जिंकलेला सुयोगसुद्धा वरमला.

मामा परत गेले. पोरं काम मिळेपर्यंत म्हणून जयवंतकडे राहिली. महिन्याभरात त्यांना आपापली कामं मिळालीही, जयवंतच्या ओळखीवाचून. पण भाड्याची खोली कुणी बघेना. हॉलमध्ये ओळीने चार गाद्या पडतात, टीव्हीचा रिमोट विकीकडे असतो आणि गाडीचा उरलेल्या तिघांकडे. जयवंत स्वयंपाकघरात ओट्याशेजारी झोपतो.

परवा मामांचा फोन आला. या वेळी जयवंतने कानातली बोंडं काढून, दोन्ही हातांनी फोन धरून ऐकला.

"जावयबापू, गावात सगळ्यांका सांगितलंय, तुमी शबद पाळलात. चारव चिकटले," मामा म्हणाले. "आता बंड्याकव धाडतंय. जाड आसा, पण चिकटतलो."