कप क्रमांक चौसष्टची उमेदवारी

कप हा पिण्यासाठी असतो, असा एक गैरसमज समाजात फार खोलवर रुजलेला आहे. वास्तविक कप हा नोंदीसाठी असतो. पिणं हे त्यातलं एक किरकोळ काम आहे आणि ते टाळूनही कपाला उज्ज्वल कारकीर्द करता येते, हे एका कार्यालयात पुराव्यानिशी सिद्ध झालं. त्या कार्यालयाच्या भांडारपालांची ही गोष्ट.

भांडारपाल म्हणजे सरळ माणूस. टाचण्या, दोरे, शाईचे पॅड आणि एक बंद पडलेला पंखा त्यांनी बत्तीस वर्षं जिवापाड सांभाळला. निवृत्तीला सहा महिने उरले होते. निवृत्तीनंतर काय करायचं हेही पक्कं झालं होतं: काहीही नाही. त्यासाठी लागणारी आरामखुर्ची घरी येऊन पडली होती.

अशात मोठ्या मॅडम पर्यावरणाच्या एका शिबिराला जाऊन आल्या. आल्या त्या एक अहवाल आणि शिबिरात मिळालेल्या चार पाण्याच्या बाटल्या घेऊन. दुसऱ्याच दिवशी कागदी कप बंद झाले आणि चिनी मातीचे एकशेवीस कप मागवले गेले. कर्मचारी अडतीस होते. पण पर्यावरणाच्या कामात हात आखडता घेऊ नये, असं मॅडमचं मत होतं.

कप आले. प्रत्येक कप कागदात, कागद फोममध्ये, फोम खोक्यात आणि खोकं प्लॅस्टिकमध्ये. (हे सगळं पुन्हा कधीतरी कामाला येईल म्हणून जपून ठेवण्यात आलं. त्यासाठी अभ्यागतांची खोली रिकामी केली. अभ्यागत तेव्हापासून जिन्यात बसतात.)

अहवालातलं गणित सोपं होतं. मातीचा एक कप घडवताना पृथ्वीला जेवढा त्रास होतो, तेवढा तीनशे कागदी कपांनी होतो. म्हणजे तीनशे वेळा वापरला गेला, की मातीचा कप पुण्यवान. तोपर्यंत तो उमेदवारीवर. मॅडमनी परिपत्रक काढलं. प्रत्येक कपाला क्रमांक मिळाला, सेवापुस्तक मिळालं, आणि सर्व कपांचे अभिरक्षक म्हणून भांडारपालांची नेमणूक झाली. एकशेवीस कपांचे मिळून छत्तीस हजार वापर पूर्ण झाल्याशिवाय अभिरक्षकाला सेवामुक्त करता येणार नाही, असं शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत होतं. भांडारपाल चष्मा घरी विसरले होते. सही त्यांनी केली.

'वापर' म्हणजे काय, हेही ठरवून दिलं होतं: किमान अर्धा कप उष्ण पेय, ओठ लागून, पोटात गेलेलं. त्याखाली पिणाऱ्याची सही आणि एका साक्षीदाराची सही.

पहिली अडचण काढली ती शंकासुराने. हा आस्थापनेतला लिपिक. त्याचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठेही शिल्लक नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, गरम पाण्याने कप विसळला तर तोही पृथ्वीला त्रासच ना? मग तीनशेचे चारशे होतील."

मॅडम विचारात पडल्या. कप विसळणाऱ्या मावशींना बोलावणं गेलं.

"मावशी, कप न धुता चालेल का?"

"मला चालेल," मावशी म्हणाल्या. "मी घरून पिऊन येते."

शेवटी मधला मार्ग निघाला. स्वतःचं उष्टं हे उष्टं नसतं, या तत्त्वावर कप तीन वापरांनंतर एकदा आणि तोही थंड पाण्याने धुवावा, असं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात कप क्रमांक सतरा फुटला. सव्विसाव्या वापराला. भरती झाल्यापासून एकही रजा न घेतलेला कप. आता त्याचे उरलेले दोनशे चौऱ्याहत्तर वापर कोण करणार? मॅडमनी ते अनुकंपा तत्त्वावर कप क्रमांक अठराकडे सोपवले. अठराला आता पाचशे चौऱ्याहत्तर गाठायचे होते. तो दिवसभर फिरत राहिला, आणि तीन दिवसांत फुटला.

मग रांगच लागली. कप फुटले की उरलेल्यांवर भार, भार वाढला की वापर, वापर वाढला की फुटणं. काम वेगाने उरकावं म्हणून माणशी सहा चहा सक्तीचे झाले. कर्मचाऱ्यांच्या झोपा उडाल्या. मुतारीपुढे टोकन द्यावं लागलं. फायलींचा निपटारा चाळीस टक्क्यांनी घसरला (तो आधीही नजरेत भरण्यासारखा नव्हता).

चार महिन्यांत एकशेएकोणीस कप गेले. भांडारपालांनी प्रत्येकाचा पंचनामा केला. कारणं अशी: हातातून निसटला, एकाहत्तर; दुसऱ्याचा धक्का लागला, तीस; आपोआप, सतरा. एक कप 'आपोआप कसा फुटला' हे पंचांना करून दाखवताना फुटला.

उरला कप क्रमांक चौसष्ट. प्यायलेल्या चहांपैकी पडताळणीत फक्त पाच हजार चारशे बारा वैध ठरले. बाकीच्यांवर साक्षीदाराची सही नव्हती किंवा ओठ लागल्याबद्दल दुमत होतं. म्हणजे तीस हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी वापर एकट्या चौसष्टच्या डोक्यावर. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. मॅडमनी त्याला मूळच्या कागदात, फोममध्ये आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं. कर्मचाऱ्यांसाठी तात्पुरती व्यवस्था म्हणून कागदी कप सुरू झाले. फक्त अभिरक्षकाने दिवसातून सहा वेळा कपाट उघडून चौसष्टमधून चहा प्यायचा.

भांडारपालांनी त्या दिवशी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. तो पाहून बायको म्हणाली, "अहो, हे चौदा वर्षं काय लिहिलंय?"

"चहा संपायला."

"आणि डॉक्टरांनी दोनच सांगितलेत ते?"

"डॉक्टरांना परिपत्रक लागू नाही."

"मग मी त्या खुर्चीत लोणच्याच्या बरण्या ठेवते," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र बरण्यांबद्दल बोलतोय असा नव्हता. भांडारपाल खुर्चीकडे पाहत उभे राहिले. तिच्यावरचं वेष्टनही अजून काढलेलं नव्हतं. बत्तीस वर्षांत त्यांना कधी कुणाचा राग आला नव्हता. आज तो आला आणि कुणावर काढावा हे सुचेना. आरोपी म्हणून डोळ्यांपुढे येत होता तो फक्त एक पांढरा, बिचारा कप.

दुसऱ्या दिवशी ते कप फोडायच्याच निश्चयाने कार्यालयात गेले. कपाट उघडलं, सगळी वेष्टनं सोडवली, कप डोक्याच्या वर धरला. दारात मावशी उभ्या.

"साहेब, फोडून सुटाल का?"

भांडारपालांना नियम आठवला. शेवटचा कप फुटला, तर उरलेले वापर अभिरक्षकाच्या अंगावर. कप नसताना. त्यांनी हात खाली घेतला आणि कप टेबलावर ठेवला.

"बघा," मावशी म्हणाल्या, "उचललात आणि ठेवलात. माझ्या लेखी हा एक वापर झाला. मी दिवसभर दुसरं काय करते? कुणाच्या पोटात काय गेलं ते मी कुठं बघायला जाते?"

भांडारपाल मावशींना घेऊन थेट मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनाही वर्षअखेरीचा अहवाल वर पाठवायचा होता आणि त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. दुपारपर्यंत शुद्धिपत्रक निघालं: 'उष्ण पेय, ओठ लागून, पोटात गेलेलं' याऐवजी 'उचलून ठेवलेला' असं वाचावं.

सेकंदाला एक या वेगाने साडेआठ तासांचं काम होतं. भांडारपालांनी ते दोन दिवसांत केलं. खाली बायकोची शाल चौपदरी घालून ते उचलत होते, ठेवत होते. शंकासूर मोजत होता. अकरा हजारांच्या आसपास त्याला एक आकडा दोनदा घेतल्याची शंका आली, तेव्हा मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती शंका मिटली. शेवटच्या शंभराला सगळं कार्यालय गोळा झालं. तीस हजार पाचशे अठ्ठ्याऐंशीव्या वेळी कप शालीवर टेकला, तेव्हा मॅडमनी टाळी वाजवली आणि भांडारपालांना रडू फुटलं. अख्ख्या नोकरीत त्यांनी प्रथमच एखादं काम पूर्ण केलं होतं.

कप काचेच्या पेटीत गेला. भांडारपाल ठरल्या तारखेला घरी गेले. निरोपाचा चहा कागदी कपातून झाला. पेटीतला कप आता वापरण्यासारखा राहिला नव्हता. सध्या ते खुर्चीत बसून ठरल्याप्रमाणे काहीही करत नाहीत, आणि बायकोचं म्हणणं आहे, की ते त्यांना छान जमतं.

मॅडमना पुरस्कार आणि बढती मिळाली. त्यांच्याकडे आता घरगुती विभाग आहे, आणि पहिली मोहीम कापडी पिशव्यांची. सर्वेक्षक पुढच्या महिन्यापासून घरोघर येतील. एकदाच वापरायच्या पिशव्यांबद्दल ते काही विचारणार नाहीत, कारण त्या तुम्ही कधीच सोडल्यात. स्वयंपाकघराच्या दारामागे एक मोठी पिशवी लटकते, तिच्यात उरलेल्या सतरा असतात, आणि दुकानात पोहोचल्यावर त्या घरी राहिल्याचं आठवून एकोणिसावी घेतली जाते, एवढं त्यांना ठाऊक आहे. ते फक्त खातरजमेसाठी येतील. तुम्ही नाही म्हणून सांगायला मोकळे आहात. पण हे वाचता वाचता तुमची नजर दाराकडे गेली, त्याची नोंद झालेली आहे.