सोपानभाऊ मांडी घालतात

सोपानभाऊंना जेवताना प्रश्न विचारला, तर उत्तर तीस चाव्यांनंतर मिळतं. आधी डाव्या हाताचं बोट वर जातं. त्याचा अर्थ, 'ऐकलंय, थांब.' मग घास या गालातून त्या गालात जातो, डोळे अर्धे मिटतात, आणि विचारणारा माणूस ताटकळतो.

एकदा ग्रामसभेत हे झालं. पाण्याच्या टाकीची जागा ठरत होती. सरपंचांनी विचारलं, "सोपानभाऊ, तुमच्या बांधालगत टाकी चालंल ना?" नेमका त्याच क्षणी भाऊंनी डब्यातल्या उकडलेल्या अंड्याचा तुकडा तोंडात टाकला होता. बोट वर गेलं. सगळी ग्रामसभा थांबली. मागून कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं, "एकवीस... बावीस..." तिसाव्याला भाऊंनी घास गिळला, रुमालाने मिशी पुसली आणि म्हणाले, "न्हाई." टाकी दुसरीकडे गेली.

हे तीस चावे भाऊंना पुण्याच्या डॉक्टरांनी लावून दिले. दोन वर्षांपूर्वी त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी पिशवी ठेवतात. एकशे बेचाळीस किलोच्या माणसाला केळ्याएवढं पोट! भाऊ त्याबद्दल अजून आश्चर्याने बोलतात. "गोडाऊन पाडलं गं माझं. आता टपरी चालवतोय."

मी त्यांना ओळखते ती त्यांच्या जीपमुळे. वडिवळ्याकडच्या आमच्या गावातून कामशेतला शाळेत जायला तेव्हा भाऊंचं वडाप हाच आधार होता. आठ माणसांच्या जीपमध्ये चौदा जण बसायचो, आणि कोण कुठे बसणार हे भाऊ ठरवायचे. "मी उजवीकडं हाये, म्हणून जाड माणसं डावीकडं. गाडीचा बॅलन्स ऱ्हायला पाहिजे." डाव्या बाजूला बसायला सांगितलं की बायका रुसायच्या. मी काटकुळी होते, म्हणून माझी जागा कायम भाऊंच्या मागे. त्यांच्या पाठीआड पावसाचा एक थेंब लागत नसे. शाळेची सगळी वर्षं मी त्या पाठीमागे कोरडी राहून काढली.

आणि हॉर्न! तीव्र वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवायला भाऊ पुढे झुकायचे, तेव्हा पोट हॉर्नवर दाबलं जायचं. त्यामुळे कामशेतच्या वळणावर जीप आपोआप ओरडायची. वळणाजवळ राहणाऱ्या बायका त्या आवाजावर भात चुलीवरून उतरवायच्या.

माझे वडील कारखान्यात कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पाटीपेन्सिलीच्या आधी पत्रकं आली. मी वाचायला शिकले तीच 'कामगार बंधूंनो, विचार करा' इथून. म्हणून भाऊ मला पत्रकबाई म्हणतात. ऑपरेशन ठरल्याचं कळलं तेव्हा मी आता राहते त्या तळेगावहून मुद्दाम गावी गेले आणि त्यांना पाऊण तास सुनावलं. माणसाच्या अंगाची चौकशी करायचा हक्क लोकांना कुणी दिला? लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, ज्याला त्याला भाऊंचं पोट म्हणजे सार्वजनिक मालमत्ता वाटते. यात लाज वाटायची असेल, तर ती हसणाऱ्यांना वाटावी. तुम्ही का कापून घ्यायचं?

भाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तुजं बराबर हाये, पत्रकबाई. पण माजा गुडघा पत्रकं वाचत न्हाई."

"मग कशासाठी करताय? बारीक दिसायला?"

"मला किलो नको. मला मांडी पाहिजे."

भाऊंना बारा वर्षं मांडी घालून बसता येत नव्हतं. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आली नव्हती, कारण त्यांनी ती फार हुशारीने झाकली होती. गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी देवळापुढे पंगती बसतात, आणि तिथे भाऊ म्हणजे आमटीची बादली. धोतराचा काचा मारून, घाम गाळत, ओळीतून धावणार, "घे की रं, लाजतो काय!" म्हणत नको म्हणणाऱ्याच्या भातात आमटीचा तलाव करणार. आम्हाला वाटायचं, केवढी ही वाढायची हौस! हौस होतीच. पण पंगत उठल्यावर भाऊ कुठे जेवतात, हे कुणी पाहिलं नव्हतं. ते देवळामागे जीपच्या सीटवर बसून, ताट पोटावर टेकवून जेवायचे.

घरीही तेच. भाऊ पुढच्या खोलीत खुर्चीवर, स्टुलावर ताट ठेवून. आणि हिरामावशी, त्यांची बायको, त्यांचं झाल्यावर आत चुलीपाशी, जमिनीवर, एकटी. मावशीला खुर्चीवर घास उतरत नाही. मी या विषयावरही बोललेले आहे. बायका शेवटी का जेवतात, यावर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं. मावशीने ते वाचून घेतलं आणि विचारलं, "मग भाकरी गरम गरम कोण करून देणार, तुजं पत्रक?" त्यांना मूलबाळ नाही. दोघंच. एक खुर्चीवर, एक जमिनीवर, मध्ये भिंत.

तर ऑपरेशनच्या आधीच भाऊंनी देवळात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या काल्याला मी पंगतीत मांडी घालून बसणार. गावाने ते लक्षात ठेवलं. गाव असल्या गोष्टी कधीच विसरत नाही.

पहिले सहा महिने झकास गेले. एकशे बेचाळीसचे एकशे अकरा झाले. भाऊंची पँट सुतळीने बांधायची वेळ आली. रोज पहाटे धरणाच्या भिंतीपर्यंत चालून यायचे. वाटेत भेटेल त्याला पोट दाखवायचे. आणि मग काटा एकशे नऊवर येऊन थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. महिना गेला, दोन गेले, चार गेले. भाऊंनी काटा स्वयंपाकघरातून पडवीत नेला, फरशी वाकडी असेल म्हणून. सदरा काढून उभे राहिले. करगोटा काढून उभे राहिले. शेवटी घरचा काटाच खोटा आहे असं ठरवून भाताच्या गिरणीत गेले आणि पोती मोजायच्या काट्यावर चढले. गिरणीवाल्याने चष्मा लावून पाहिलं. "क्विंटलच्या वर नऊ. भाऊ, परत एकदा सडून घ्या, कोंडा निघंल अजून."

गिरणीतले सगळे हसले. भाऊही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते चालायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

हिरामावशीचा मला फोन आला. ती फोनवर फार बोलत नाही. "तू ये," एवढंच म्हणाली.

मी गेले तेव्हा भाऊ पडवीत मोबाइल घेऊन बसले होते. ऑपरेशन झालेल्यांचा एक ग्रुप होता, त्यात लोक आधीचे आणि नंतरचे फोटो टाकायचे. पिंपरीचा एक जण सहा महिन्यांत पंचेचाळीस किलो उतरला होता आणि जीन्स घालून मोटारसायकलला टेकून उभा होता. भाऊ त्या फोटोकडे बघत होते.

"हा बघ. माज्या मागनं आला आन् पुढं गेला."

"शर्यत आहे का ही?" मी चिडून म्हणाले. "माणसामाणसांत स्पर्धा लावायची आणि मागे राहिलेल्याला लाजवायचं, ही तर..."

बोट वर गेलं. तोंडात घास नव्हता, तरी गेलं. मी थांबले.

"पत्रकबाई, खरं सांग. हारलो का मी?"

मी त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला. मी म्हणाले, "मॅडमना विचारू या."

पुण्याच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या मॅडम वयाने माझ्याएवढ्याच होत्या. मी फोन लावला, त्यांनी भाऊंना झापलं. ऑपरेशननंतर वजन असं अडतंच, महिनेच्या महिने अडतं, आतलं शरीर तरी बदलत असतं, काट्याकडे बघू नका, काय काय जमायला लागलं ते बघा, आणि हो, चालणं का बंद केलं? भाऊ "व्हय मॅडम, व्हय मॅडम" करत उभे राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी वजनकाटा उचलला आणि मावशीला म्हणाले, "हा माळ्यावं टाक. लय शाणा झालाय."

त्या दिवसापासून भाऊ दुसऱ्याच गोष्टी मोजायला लागले. त्यांच्या आयुष्यातले हे दिवस मला सगळ्यात जास्त आवडतात. बुटाची नाडी वाकून स्वतः बांधली, त्या दिवशी ते दिवसभर बूट घालूनच हिंडले, घरातसुद्धा. पायाच्या अंगठ्याचं नख उभ्याने दिसलं, त्या दिवशी मला फोन. "अगं, अंगठा हाये अजून!" एका लग्नात आग्रहाला बळी पडून दोन जिलब्या खाल्ल्या आणि पोट धरून मांडवामागे बसून राहिले. त्यानंतर नको म्हणायचा सराव सुरू केला. जन्मभर दुसऱ्याचा 'नको' ऐकला नव्हता, त्यामुळे स्वतःचा जमेना. जीपमध्ये एकटे असले की मोठ्याने म्हणायचे, "नको. नको म्हंजे नको."

आणि एक दिवस कामशेतचं वळण आलं, भाऊंनी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि जीप गप्प राहिली. भाऊंनी गाडी तिथेच रस्त्यात उभी केली. मागे टेम्पो, त्याच्या मागे एसटी. "हॉर्न वाजला न्हाई," ते म्हणाले. उतारूंना कळेना. "आवो, हॉर्न वाजला न्हाई!" भाऊ खाली उतरले, समोरच्या दुकानातून पेढे आणले, जीपमध्ये वाटले, टेम्पोवाल्याला दिला, एसटीच्या कंडक्टरला दिला. कंडक्टरने विचारलं, "काय झालं, मुलगा का मुलगी?" वळणावरच्या एका घरात मात्र त्या दिवशी भात करपला, असं म्हणतात.

वजनाचं काय झालं, हे भाऊंनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना माहीतही नसावं. पण काल्याचा दिवस जवळ येत होता आणि गावात विषय तोच होता.

यंदाच्या काल्याला मी गावी होते. देवळापुढे पंगती मांडल्या. पहिल्या पंगतीत, खांबाशेजारी, पोरांनी भाऊंसाठी जागा सोडली होती. चांगली दोन माणसांची. लापशी वाढली, भात वाढला, आमटी आली. वाढणारा नवा होता, त्याच्या हाताला भाऊंची धार नव्हती. श्लोक झाला. जागा रिकामीच.

"कुटं गेलं भाऊ?"

"मांडी घरी इसरलं असतील."

"हारलं, दुसरं काय! एवढं कापून घेतलं आन् तरी न्हाई ते न्हाईच."

मी उठले. माझ्यापुढचं ताट तसंच टाकून उठले. त्या हसणाऱ्या तोंडांना काय काय सुनवायचं ते मनात तयार होत होतं, पण आधी भाऊंना बघायचं होतं. गिरणीनंतरचे ते दिवस मला आठवले आणि मी जवळजवळ पळतच त्यांच्या घरी गेले.

पुढच्या खोलीत खुर्ची रिकामी होती. स्टुलावर ताट नव्हतं. आतून मावशीचा आवाज येत होता, सलग, न थांबता. मी आजवर तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

दारातून पाहिलं. चुलीपाशी दोघं समोरासमोर जेवायला बसली होती. मावशी जमिनीवर. आणि भाऊही. त्यांच्याखाली एक घडी केलेली गोधडी होती. उजवा पाय नीट दुमडलेला, डावा गुडघा अजून थोडा वर राहिलेला. कोपऱ्यात पाच गोधड्यांची थप्पी होती.

मला बघून भाऊ ओशाळले. बोट वर गेलं. मी तीस होईपर्यंत उभी राहिले.

"पंगतीत गोधडी कशी न्यायची?" घास गिळून ते म्हणाले. "एक ऱ्हायलीय अजून. पुढच्या साली."

मावशीने सांगितलं ते असं. वजनकाटा माळ्यावर टाकला त्याच दुपारी भाऊ आत आले आणि म्हणाले, हितं बसायचंय, तुज्याबरूबर. बसता येईना. मग सहा गोधड्या एकावर एक रचल्या, त्यावर बसवलं. जमलं की एक काढायची. कधी महिन्यात एक निघाली, कधी तीन महिने एकही नाही. शेवटच्या फेरीनंतर जीप लावून भाऊ रोज आत येत होते, आणि गावाला याचा पत्ता नव्हता.

"मग सगळ्या गावाला काल्याचं कशाला सांगितलंत?" मी विचारलं.

भाऊंनी रिकाम्या झालेल्या ताटाकडे पाहिलं. "बायकोपाशी बसाया ऑपरेशन करतोय, असं देवळात सांगू व्हय?"

मावशी खाली बघून भाकरी मोडत होती. तिचे कान लाल झाले होते.

भाऊंचं जेवण आटोपलं होतं, चार घासांना किती वेळ लागणार. त्यांनी चुळबुळ केली, एक हात जमिनीवर टेकला, जोर लावला आणि परत खाली बसले. बसायला जमलं होतं, उठायला अजून नाही. मी पुढे होऊन हात दिला.

"ऱ्हाऊ दे गं," मावशी म्हणाली. "रोज मीच उठवते."

"मग उठव की," भाऊ म्हणाले.

"उठवते. काय घाई हाये?" तिने आपल्या ताटात आमटी वाढून घेतली, अगदी सावकाश, आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा धरली. तिच्या माहेरची म्हैस होती कुठलीशी, तिची. "तर काय सांगत हुते, ती म्हस जी निघाली ती थेट धरणाकडंच..."

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात ठेवून नीट बसले आणि म्हणाले, "मंग?"