उषाबाईंनी सुधारलेलं भूत

"आई, ही कादंबरी वाचणारा माणूस आठ दिवस परसात एकटा जात नाही!" मेघानं सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं आणि वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. शंभर वर्षं जगाला घाबरवणारी विलायती कादंबरी! उषाबाईंचा चष्मा फुटलेला, म्हणून मेघा रोज दुपारी मोठ्यानं वाचू लागली.

पण भूत काही येईना! लेखक आपला वाड्याच्या पडद्यांचंच वर्णन करतोय.

"आलं का व भूत?" उषाबाई डाळ निवडता निवडता विचारायच्या.

"नाही ना, आई. आता धुकं पडून राहिलं."

"कालबी धुकंच होतं! हे भूत हाय का हवामान खातं?"

शेवटी भूत आलं, अदबीनं दोन वाक्यं बोललं आणि खिडकीतून निघून गेलं! मेघाचं तोंड एवढंसं झालं.

"याच्यापेक्षा सानगडीच्या बाजारातली कोंबडीवाली जास्त भेव दाखवते!" उषाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतात धानाचा रोवणा होता. बाया बांधीतल्या चिखलात वाकून रोपं लावत होत्या. शेजारच्या शकुनबाईंनी गोष्टीचा हट्ट धरला आणि उषाबाईंनी तीच कादंबरी सांगायला घेतली. पण कशी! पडदे गाळले, धुकं गाळलं, विलायतेतला वाडा उचलून थेट शेताजवळच्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीवर आणून ठेवला! भूत चिखलाचं. बोलत नाही, वाड्यातल्या पोरीच्या मागे नुसतं उभं राहून हुंकारतं. मेघानं पुस्तकाचं पानन् पान वाचलेलं, तरी तिच्या अंगावर काटा आला. काय ही बाई! आवाज कुठे खाली आणावा, कुठे थांबावं, सगळं हिला पोटातूनच येतं!

"अन् त्या पोरीनं मांगं वळून पाह्यलं, तं..." उषाबाई थांबल्या.

नेमका तेव्हाच मेघाचा नवरा निकेश रोपांच्या पेंढ्या घेऊन धुऱ्याच्या निसरड्या बांधावरून घसरला आणि धपकन बांधीत पडला! उठला तो नखशिखांत चिखल. तोंडातही चिखल, त्यामुळे हाक मारली ती "हूंऽऽ" अशी निघाली.

भर दुपारी काय ती पळापळ! शकुनबाई तर लुगडं सावरत थेट मारुतीच्या देवळात जाऊन थांबल्या. रोवणा अर्धा, आणि उपटून ठेवलेली रोपं पिवळी पडायला टपलेली!

मेघानं निकेशला घासूनपुसून शकुनबाईंसमोर उभं केलं. "पाहा, मावशी! हेच पडले होते चिखलात."

"निकेश खरा, मान्य. पण बोडीतलं भूत?"

"अवो, ते तं पुस्तकातलं हाय!"

"छापून आलं?" शकुनबाईंचे डोळे विस्फारले. "मंग तं खरंच असंल!"

आता रोवण्याला कोण येणार? दुसऱ्या सकाळी निकेश पुढे शेतात गेला, मेघानं पदर खोचला.

"आई, चला. आपणच रोवू."

उषाबाई उंबऱ्यावरून हलेनात. "मी नाही येत. तिथं भूत हाय."

"अवो आई, ते तं तुमीच आणलं ना!"

"म्हणून तं मले माहीत हाय, ते कसं हाय!"