सात नंबरची खाट

विमलाच्या नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पंधरा मिनिटं उरली असताना तिचा पेशंट बाहेर लिंबाखाली तंबाखू मळायला निघाला होता. चंद्रभान त्याचं नाव, गाव पोखर्णी. विषमज्वर उतरून चार दिवस झाले होते. पण खाट रिकामी दिसली की दुसऱ्याला जाते, अशी त्याची पक्की समजूत. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा त्याने खाटेवर मेव्हणा टाकला.

“लिंबाजी, पड हितं. डोक्यावरून चादर घे. कुनी इचारलं तर नाव चंद्रभान म्हनायचं.”

“दाजी, माजंच आंग...”

“पड म्हनलं ना!”

लिंबाजी तीन दिवस खाटेखाली पोत्यावर झोपत होता. कालपासून त्याचं अंग मोडून आलं होतं. पण आजाऱ्याजवळ आलेल्याने आजारी पडायचं, म्हणजे वऱ्हाड्याने बाशिंग बांधण्यातलाच प्रकार. म्हणून तो गप्प होता. गादीला पाठ लागली, वर पंखा संथ घरघरत होता, आणि लिंबाजी बघता बघता झोपेत विरघळला.

विमला कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली. ती वालूरची. दत्तरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बजावलं होतं, “नापास झालीस तर ट्रंक घिऊन सरळ घरी यायचं. पोरगं बघून ठिवलंय.” पोरगं वाईट नव्हतं. पण आपण जवळ गेलो की कण्हणारं माणूस गप्प होतं, याची विमलाला गोडी लागली होती. ती आता सुटणार नव्हती.

परीक्षक पद्मजाबाई दाराशी होत्या. “पेशंटची झोप न मोडता अंग पुसा, चादर बदला, ताप बघून तक्त्यावर लिहा.”

सात नंबरचा पेशंट विमलाने आधी पाहिलेला नव्हता, आणि झोप मोडू नये म्हणून तिने नावसुद्धा विचारलं नाही.

तिकडे लिंबाजी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जाऊन बसला होता. पाणी कोमट कसं, याचं त्याला स्वप्नातच नवल वाटलं. पांढऱ्या कपड्यातलं कुणीतरी त्याचे पाय धूत होतं. त्याचे पाय आजवर एकदाच कुणी धुतले होते, लग्नात सासऱ्याने. पण तेव्हा सासरा घाईत होता.

“आजून जरा...” लिंबाजी पुटपुटला.

विमलाला भरून आलं. तिने त्याच्या काखेतला थर्मामीटर काढून उजेडात धरला. एकशे दोन! तक्त्यावर चार दिवस ताप नव्हता.

“मागचंच उतरून काढ की,” शेजारच्या खाटेजवळची मैत्रीण कुजबुजली. “तुज्या हातनं ताप चढला म्हनतील!”

विमलाला डोळ्यांसमोर ट्रंक दिसली. तिने थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. पारा पुन्हा तिथेच. तिने एकशे दोन लिहिलं.

पद्मजाबाईंनी तक्ता पाहिला आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं. डॉक्टर आले, सलाईन आलं, खाटेभोवती गर्दी झाली. बातमी बाहेर लिंबाच्या झाडाखाली पोचली, “सात नंबरचा पेशंट शीरियस हाय!”

“अरे देवा, सात नंबर म्हंजे मीच की!” चंद्रभान छाती धरून खाली बसला. त्याला दोघांनी उचलून आत आणलं, तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला.

“नाव विचारायचं, हा पहिला धडा,” पद्मजाबाई विमलाला म्हणाल्या. “दहा गुण गेले.”

“जी.” विमलाचे डोळे भरले.

“आणि तक्ता समोर असताना एकशे दोन का लिहिलं?”

“बाई, पारा तितंच व्हता.”

पद्मजाबाईंनी गुणांच्या कागदावर सही केली. “आज बाकी सगळ्यांनी कालचाच ताप उतरून काढलाय. पास आहात तुम्ही.”

सात नंबरची खाट लिंबाजीला मिळाली. बऱ्या झालेल्या चंद्रभानला घरी सोडलं, पण मेव्हण्याजवळ कुणीतरी हवं म्हणून तो खाटेखाली पोत्यावर आला. “सिस्टर, आमी अठरा दिस हितं व्हतो,” तो खालून कुरकुरला, “आमचे पाय न्हाई कुनी धुतले.”

दुसऱ्या दिवशी विमला पुन्हा घमेलं घेऊन आली. धडा पाठ होता. पाण्यात हात घालण्याआधी तिने वाकून हळूच विचारलं, “नाव काय तुमचं?”

लिंबाजी अजून घाटावरच होता. डोळे न उघडता त्याने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, “चंद्रभान.”