सदर मगरीबाबत

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही पाच वर्षांचे आहात आणि मोठ्या माणसांना तुमच्या शिक्षणाखेरीज दुसरा विषयच उरलेला नाही. मुलाने कुठे शिकावं हे ज्याला शिकायचं आहे तो सोडून सर्वांना ठाऊक असतं, हे तर सर्वमान्य आहे.

बडोद्याला गोत्री भागात राहणाऱ्या मोहनाच्या घरीही ते सर्वांना ठाऊक होतं. बाबा आंतरराष्ट्रीय शाळेच्या बाजूचे (तिच्या बसला एसी होता). आईला पुढच्या स्पर्धा परीक्षांची काळजी (मोहनाला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, पण ती अभ्यासक्रमात नाही). आजोबा दत्ताजीराव मराठी माध्यमाचे कट्टर पुरस्कर्ते. स्वतःच्या मुलाला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं, तेव्हा त्यांचं मत अनुभवाचं होतं.

शेवटी एसी जिंकला. त्या शाळेत पालकांचीही मुलाखत असते, म्हणून ठराव झाला: तोवर घरात फक्त इंग्रजी बोलायचं. ठराव मराठीत, एकमताने मंजूर झाला.

परिणाम उत्तम झाले. घरातली भांडणं ऐंशी टक्क्यांनी घटली. भांडणाला शब्दच पुरत नव्हते. आई "प्लीज पास..." म्हणून लोणच्याकडे बोट दाखवी.

अडचण एकट्या मोहनाची होती. आजोबांच्या गोष्टीतली विश्वामित्री नदीतली मगर दाढ दुखते म्हणून घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे आली होती. डॉक्टरने तिच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि नेमका तेव्हाच ठराव लागू झाला.

"आजोबा, हाताचं काय झालं?"

"इन इंग्लिश, मोहना," बाबा म्हणाले.

आजोबांची हयात सरकारी कचेरीत गेलेली. घसा खाकरून ते म्हणाले, "विथ रेफरन्स टु द सेड क्रोकोडाइल, द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन."

आईबाबांनी टाळ्या वाजवल्या. हात जबड्यातच राहिला.

मोहनाला घास गिळवेना. रोज विचारी, रोज प्रकरण विचाराधीनच. रविवारी ती घरातून नाहीशी झाली. सापडली गच्चीच्या जिन्यात, सोसायटीच्या पोरांना गोष्ट पुरी करून सांगताना.

"मग मगर बोलली, डॉक्टरसाहेब, हाथ काढो ने! मला जांभई येतेय!"

पोरं हसून लोळत होती. खालच्या पायरीवर आजोबा डोळे पुसत होते.

"केवढी हुशार आहे गं बाई!" आई ठराव विसरून म्हणाली.

बाबांनी तत्काळ एका क्लासला फोन लावला. "गोष्टी सांगायला शिकवता ना? इंग्रजीत? शनिवार-रविवार चालेल."

"सलीलभाई, मारी हेतवीनुं नाम पण लखावजो!" शेजारच्या जिग्नाबेन बाबांना ओरडून म्हणाल्या; लेकीचं नाव त्यांनाही घालायचं होतं. पाहता पाहता सगळा जिना पालकांनी भरला. मागे कठड्याला टेकून, आपला नंबर कधी लागतो ते पाहत तुमचे आईबाबाही उभे होते.

मोहनाने सगळ्यांकडे नीट पाहिलं. पोरांना गच्चीत ढकललं, आजोबांना हाताला धरून ओढून घेतलं, आणि दाराला पलीकडून कडी लावली.