लुत्सिया चुकीच्या बेटावर उतरते

पेरिनाच्या कादंबरीच्या प्रकाशनाला अग्निशमन दलाचा हॉल मिळाला, पाद्रीबाबा मिळाले, बँडमधला ट्रंपेटवालाही मिळाला. फक्त कादंबरी तेवढी मिळाली नाही.

सात प्रकाशकांनी साधं उत्तरही दिलं नव्हतं, तेव्हा पेरिनाने हट्टाने स्वतःच साठ प्रती छापून घेतल्या होत्या. स्प्लिट शहरातल्या छापखान्यातून खोके गुरुवारच्या बोटीने निघाले. शुक्रवारी उत्तरेचा, 'बुरा' म्हणतात तो वारा सुटला, बोटी बंद झाल्या, आणि शनिवारी सकाळी पेरिनाने छापखान्याला फोन लावला.

"खोके पोचले की, बाई. ल्युबानला."

"ल्युबानला? अहो, मी ल्युबास बेटावर राहते!"

"मग शेवटचं अक्षर नीट काढायचं होतं. कागद माझ्यासमोर आहे, अक्षर तुमचंच."

पेरिनाने फोन ठेवला. एकतीस वर्षं तिने ल्युबासच्या पोस्टात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गचाळ अक्षरावरून फैलावर घेतलं होतं. तिचा नवरा श्पिरो मासे साफ करत होता. त्याने मान खाली घातली, पण खांदे हलायचे ते हललेच.

"हसतोस काय मेल्या!"

"नाही गं. प्रकाशन पुढं ढकल ना."

"आणि हे तळलेले दोनशे गोड फ्रितुले कुठं ढकलू?"

संध्याकाळी अकरा माणसं आली. पाद्रीबाबा म्हणाले, "पेरिना, तू तोंडीच सांग गोष्ट." तिने सुरुवात केली. पत्रावर लग्न ठरलेली लुत्सिया ऑस्ट्रेलियाला जायला निघते, आणि बंदरावर उभी राहून… इथे पेरिनाने रुमाल डोळ्यांना लावला आणि ती खुर्चीत बसली. लोकांनी सभ्यपणे फ्रितुले खाल्ले. ट्रंपेटवाल्याने, वेळ भरून काढायला म्हणून, एकच चाल तीनदा वाजवली.

बुरा नऊ दिवस वाहिला. दहाव्या दिवशी पहिल्या बोटीने पेरिना ल्युबानला निघाली. खोके ताब्यात घ्यायचे, कोणाशी बोलायचं नाही आणि त्याच बोटीने परत यायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

ल्युबानच्या धक्क्यावर ही गर्दी. हिवाळ्यात त्या बेटावर माणसं जेमतेम सत्तर; ती सगळीच उभी दिसत होती. कोणी मोठा माणूस येत असावा, म्हणून पेरिना बाजूने निघाली, तर किराणा दुकानवाल्या दोब्रिलाने तिचा दंडच धरला.

"तुम्हीच का त्या पेरिनाताई? लुत्सियाला ऑस्ट्रेलियाच्या बोटीत का नाही चढू दिलंत?"

"नाही चढली तेच बरं झालं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"तू गप! तुला काय कळतंय लग्नातलं?"

उलगडा हळूहळू झाला. खोके दुकानात आले, दोब्रिलाने साबण समजून फोडले. वाऱ्याने तारा पडल्या, टीव्ही बंद. मग करायचं काय? पहिल्या दिवशी चार पुस्तकं गेली, रविवारी चर्चनंतर बाकीची. गाव दोन तटांत विभागलं, आणि दोन विहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. खोके न्यायला लेखिका स्वतः येतेय, हे छापखान्याने दुकानात फोनवर कळवलं, तेव्हा सगळा गाव धक्क्यावर.

"पान एकशेबारा," म्हातारे योझोकाका पुढे झाले. जन्म शिडाच्या होडीवर गेलेला. "वारा दक्षिणेकडून आणि तुमची शिडाची होडी सरळ त्याच्या तोंडावर दक्षिणेला चालली? बुडेल की हो पोरगी! बाकी पुस्तक झकास. मी आयुष्यात एवढं एकच पुस्तक शेवटपर्यंत वाचलं."

पेरिनाला वाटलं होतं भांडावं लागेल. आता डोळे कुठे लपवावेत तेच कळेना. दुपारभर दुकानातल्या वजनकाट्याशेजारी बसून तिने प्रतींवर सह्या केल्या, नावं विचारविचारून, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढत. खोक्यांचा विषय तिने काढलाच नाही. फक्त निघताना चाचरत म्हणाली, "एक प्रत मला मिळेल का? माझ्याकडे एकही नाही."

कोणी छताकडे पाहिलं, कोणी पुस्तक कोटात सारलं. शेवटी नव्वदीच्या मांदेआजीने आपली प्रत पुढे केली.

"ही ने. पण शनिवारपर्यंत आणून दे हो. माझं अजून दुसऱ्यांदा वाचून व्हायचंय."

"आणते आजी, नक्की आणते," पेरिना म्हणाली, आणि तिने आजीच्या दोन्ही हातांचे मुके घेतले.

बोटीत तिने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर मांदेआजीचं नाव ठळक लिहिलेलं. आत जागोजागी पेन्सिलीच्या खुणा: 'हे खरं आहे.' 'असंच माझ्या बहिणीचं.' बंदराच्या प्रसंगाशेजारी, थरथरत्या अक्षरात: 'इथे रडले.' पेरिनाने ते दोन शब्द घरी येईपर्यंत कितीदा वाचले, ते तिलाही सांगता आलं नसतं.

श्पिरो ओट्यापाशी माशांची खवलं काढत होता. तिच्या काखेतलं पुस्तक पाहून तो हरखला. "आलं? बघू, बघू!"

पेरिनाने पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

"आधी हात धुऊन ये. लोकांचं पुस्तक आहे ते."