चनबसप्पा सरांचं वर्तुळ

चनबसप्पा सर दूध घेताना आधी म्हशीची तब्येत विचारतात. "वैरण खाती का नीट? कास गरम न्हाय ना?" दारात किटली घेऊन मी उभा. परवा मलाच ताप होता, पण त्याची चौकशी नाही. वीस वर्षं मी मुरुम गावात दूध घालतोय, एका म्हशीच्या बारा केल्या. सरांच्या लेखी मी म्हणजे म्हशीमागून चालणारा माणूस.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी गौराक्का गेल्या, आणि त्यांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात सरांनी काचेच्या ताटल्या मांडल्या. ताटल्यांत जंतू वाढवायचे, त्यावर दह्याचं पाणी टाकायचं, आणि जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उठलं की भिंगातून बघत बसायचं.

"सर, ह्यात एवढं काय हाय?"

"तडी," सर म्हणाले. तडी म्हणजे कानडीत थांब. सरांचं निम्मं बोलणं तडीतच जातं. "दुधातलं प्रथिन म्हंजे कडब्याची पेंढी. विरजणातले जिवाणू म्हंजे कुट्टीचं यंत्र. कुट्टी झाली की त्यातले काही तुकडे असे निघतात, की दुसरे जंतू त्यानं मरतात. पेप्टाइड म्हणतात त्याला."

"आंबटपणानंच मरत असतील."

"म्हणून आधी सोडा घालून आंबटपणा मोडतो. दुसऱ्यानं केल्याल्या कामाचं श्रेय घ्यायचं न्हाय."

वर्तुळ नेहमी मसुरीएवढं यायचं. एके दिवशी ते रुपयाएवढं आलं. सर अनवाणीच गल्लीत आले. फ्रिजमधलं राखीव दहीसुद्धा घुसळून त्यांनी सगळ्यांना ताक पाजलं. मीही दोन पेले प्यालो. त्या खेपेचं दही उशिरा आणि पातळ लागलं होतं, पण आनंदात तिकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

चार दिवसांनी चौकात, चहाच्या हॉटेलासमोर, सरांनी दुधानं भरलेली माझी किटली तशीच परत केली. "महादेवा, तुझ्या नुसत्या दुधानंबी तेवढंच वर्तुळ येतंय. म्हशीला सुई कवा टोचली?"

एका म्हशीला दगडी झाली होती. कास सुजून दगडासारखी. डॉक्टरांनी जंतू मारायची सुई दिली आणि काही दिवस दूध कुणाला घालू नको म्हणून बजावलं. मी घातलं. एवढं मोठं वर्तुळ सरांच्या पेप्टाइडचं नव्हतं, माझ्या सुईचं होतं. कबूल. पण ही गोष्ट घरी येऊन सांगता आली असती. चौकात कशाला? मी तिथंच तोंड सोडलं. "तुमच्या ताटल्या तुमी सांभाळा, माझा धंदा मी सांभाळतो," आणि पुढं बरंच काही. पाच घरांनी माझं दूध बंद केलं. तो राग अजून गेलेला नाही.

आठवड्यानं सर माझ्या दारात आले. हातात स्टीलची वाटी.

"विरजण पायजे व्हतं."

"दुकानात दही मिळतंय की."

"तडी. माझं मेलं. त्या सुईच्या दुधात घातलं, पुन्हा लागलंच न्हाय. राखीव व्हतं ते गल्लीला पाजून बसलो." सर वाटीकडं बघत राहिले. "तुझ्या सुनंदानं आमच्या हिच्याकडनं नेल्यालं. हिनं ते लग्नात माहेराहून, सास्तूरहून आणलं व्हतं. भूकंपात तिकडचं घर गेलं. एवढं ऱ्हायलं व्हतं."

सुनंदा म्हणजे माझी बायको. ती दाराआड उभी होती. पण हातात आलेला सौदा मी कधी सोडलेला नाही.

"देतो. आधी चौकात सांगा, महादेवाच्या दुधात कायबी नव्हतं."

सरांनी विचार केला. खरंच केला, हातातली वाटी दोनदा फिरवली.

"तसं कसं सांगू? सुई व्हती की." आणि ते पायरी उतरले.

मोडलेले सौदे मी पुष्कळ पाहिलेत. माणूस चार पावलं जातो आणि वळतो. मी पावलं मोजत राहिलो. सर वळले नाहीत. कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापर्यंत पोचले. सुनंदा माझ्याकडं बघत होती.

"सर, आणा ती वाटी हिकडं."

सुनंदानं वाटी भरून दिली. सरांनी बोट बुडवून चाखलं आणि बराच वेळ उंबऱ्यापाशी उभे राहिले. मी माझ्याच एका किटलीत दूध ओतून दिलं आणि न विचारता सांगितलं, "ही म्हैस बरी हाय."

सरांनी मान हलवली.

"लावा आता ताटल्या," मी म्हणालो. "बघा वर्तुळ येतंय का."

"उद्या बघू," सर म्हणाले. "आज नुसतं दही लागू दे."